शेठच्या मोटारीवरचं डांबर

बायकोला मोटारीतून माहेरी फिरवून आणावं, एवढाच माझा विचार होता. दोन-तीन तासांचं काम. यात कुणाचं काय वाईट होणार आहे, असं मला वाटलं. (मला असं वाटायला लागलं म्हणजे घरच्यांनी मला कोंडून ठेवलं पाहिजे.)

सदतीस सालचा चैत्र. मी आटगावला कमळाकरशेठच्या लाकडाच्या वखारीत कारकून होतो. शेठनी नुकतीच मुंबईच्या एका पारशाकडून मोटार घेतली होती. पांढरीशुभ्र, कवडी दह्यासारखी! त्या दिवशी शेठच्या मुलीला बघायला कल्याणची मंडळी येणार होती. त्यांना आणायला शेठ स्वतः सकाळच्या गाडीनं गेले आणि जाताना मला बजावून गेले, "जयराम, साडेचारच्या गाडीला मोटार ठेसनावर पायजे. चकचकीत! पोराची आई लय चोखंदळ हाय. काय कमी पडला तर उद्यापासून वखारीत पाय ठेवू नको."

सकाळचे आठ वाजले होते. साडेचारला किती अवकाश! मी ड्रायव्हर वाल्मिकला म्हटलं, "मोटार जरा चालवून बघायला नको? शेणव्यापर्यंत जाऊन येऊ." शेणवा म्हणजे माझी सासुरवाडी, हे वाल्मिकला ठाऊक होतं. तो हसला. माझी बायको सुंदरा ठेवणीतलं लुगडं नेसून केव्हाच मागच्या सीटवर जाऊन बसली होती.

जाताना काय थाट सांगू! शेणव्यात अख्खा गाव गोळा झाला. सासऱ्यांनी मोटारीला नारळ फोडला. मी हॉर्न इतक्यांदा वाजवला, की शेवटी त्याचा घसा बसला.

परत येताना शहापूर सोडलं आणि आग्रा रोडवर एक मुकादम लाल फडकं हलवत आडवा आला. "थांबा! डांबर टाकलाय! वल्ला हाय!"

वाल्मिकनं ब्रेक लावला. आता मागे बायको बसलेली, ती अजून माहेरच्या कौतुकातून बाहेर आलेली नाही, आणि मी एका मुकादमाच्या सांगण्यावरून थांबायचं? मी मान बाहेर काढून म्हणालो, "कमळाकरशेठची मोटार हाय! वाल्मिक, सोड जोरात!"

वाल्मिकनं सोडली. चाकांखालून चुर्रचुर्र असा आवाज येत होता. मला वाटलं, नवीन रस्त्याचा आवाज असाच असतो.

घरी उतरून बघतो तर मोटारीला देवी आल्या होत्या! दारं, मडगार्ड, मागची बाजू, सगळीकडे काळे टपोरे ठिपके. बारा वाजत आले होते.

पाणी मारलं, ठिपके हलले नाहीत. साबण लावला, ठिपके स्वच्छ झाले. तेवढ्यात शेजारच्या धोंडूबाई राख आणि चिंच घेऊन धावत आल्या.

"पितळेवरचा डाग दोन घासण्यांत जातो. सरा बाजूला!"

"धोंडूबाई, ही मोटार हाय, तांब्या नाय!" वाल्मिक ओरडला आणि दारावर आडवा पडला. धोंडूबाई फणकाऱ्यानं निघून गेल्या.

मग मी कंदिलातलं रॉकेल काढलं. फडकं भिजवून एक ठिपका घासला आणि काय आश्चर्य, ठिपका विरघळला! मी आनंदानं उडीच मारली. पण तो जागचा उठून दारभर पसरला होता. मी घासत गेलो, तो पसरत गेला. एक ठिपका होता तिथं टोपलीएवढा काळा ढग झाला. घाम पुसता पुसता तेच फडकं मी तोंडावरूनही फिरवलं. (हे मला त्या वेळी कळलं नाही.)

"जयरामभाऊ, आता बस करा," वाल्मिक रडवेला होऊन म्हणाला. "रंग गेला तर शेठ माझी कातडी लावतील दाराला."

सुंदरा इतका वेळ उंबऱ्यात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "अवो, फणस कापताना हाताला चीक लागतो, तवा काय लावता?"

"तेल."

"मग ह्यो पण चीकच हाय ना?"

तिनं खुरासणीच्या तेलाचा बुधला आणला, बोटभर तेल ढगावर चोपडलं, जरा वेळ थांबली आणि जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं हलकेच पुसलं. खालून दह्यासारखा रंग वर आला! मी ओरडलो. वाल्मिक ओरडला. मग काय, आम्ही तिघं तुटून पडलो. बुधला संपला तशी सुंदरानं लोणीसुद्धा आणलं. एकेक ठिपका निघत होता आणि आमचा जीव भांड्यात पडत होता. साडेतीनला शेवटचा ठिपका गेला. मोटार अशी झळकत होती, की तिच्यात मला माझं हसू दिसलं.

"आता शिकेकाईनं धुऊन घ्या," सुंदरा म्हणाली. "तेल लावून कुणी तसंच मांडवात जातं का?"

"खुळी का काय तू? ही चमक पाण्यात घालवू?" मी तिच्यावर डाफरलो आणि मोटारीत बसून निघालो. शेठनी चकचकीत सांगितली होती ना!

आटगाव स्टेशनाबाहेर सावरीचं मोठं झाड आहे. चैत्रात त्याची बोंडं फुटतात. मोटार झाडाखाली सावलीत उभी केली आणि गाडी यायला अन् वाऱ्याची झुळूक यायला एकच गाठ पडली. कापूस भुरुभुरु उडाला. मी एक पीस काढायला गेलो, तर ते हाताला चिकटलं आणि त्या जागी चार नवीन येऊन बसली. बघता बघता बॉनेट, दारं, टप, सगळ्यांवर लोकर उगवली. मी पुसायला आडवा पडलो, तर मलाही उगवली.

शेठ पाहुण्यांना घेऊन बाहेर आले. मोटारीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझी नोकरी गेली, हे मला त्यांच्या मिशीवरून कळलं.

इतक्यात मुलाची आई टाळी वाजवून म्हणाली, "अगो बाई! मोटार कापसानं सजवलीत! किती हौशी माणसं तुमी! आणि अस्वलाचा सोंगाड्या पण आणलात?"

मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

शेठ माझ्या कानाशी आले आणि दातांतून म्हणाले, "गुरगुर."

मी गुरगुरलो. दोन्ही हात वर करून मोटारीभोवती नाचलो. नोकरी जायच्या भीतीनं आवाज असा निघाला, की स्टेशनातला हमाल डोक्यावरचं ओझं टाकून पळाला. बाई पोट धरून हसल्या. मोटारीत बसेपर्यंत त्यांनी मुलगी पसंत करून टाकली होती, न बघताच!

वैशाखात लग्न झालं. मी तोंड घासून, नवा कोट घालून, सुंदराला घेऊन मांडवात गेलो. शेठनी ओळख करून दिली, "हे आमचे कारकून, जयराम." विहीणबाईंनी उगाच मान हलवली आणि विचारलं, "पण शेठ, तो अस्वलवाला का नाय बोलावला? त्याच्यासाठी मी मुद्दाम लाडवांचं ताट बाजूला काढलंय."

सुंदरानं मला कोपरानं ढोसलं. मीही मग लाज सोडली. पुढे झालो, दोन्ही हात वर केले आणि भर मांडवात गुरगुरलो.

विहीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नाय बा," त्या म्हणाल्या, "त्या माणसाची सर नाय याला."

आणि ताट आत पाठवून दिलं.