शांतवन मास्तरांचं ‘स्वतः वाचा’

आमचे शेजारी शांतवन मास्तर कुणालाही काहीही वाचून दाखवत नसत. पनवेलच्या स्टँडवर करंजाड्याच्या एका आगरिणीने विचारलं, “मास्तर, ही गारी उरणची हाय का नाय?”

“पाटी आहे. स्वतः वाचा.”

मास्तरांच्या प्रौढवर्गात ती नुकतीच येऊ लागली होती. बिचारी ‘उ... र...’ करतेय तोवर गाडी धुरळा उडवत निघून गेली. मास्तर मात्र खूश! “गाडी दुसरी येईल. अक्षर आलं ते कायमचं.”

मास्तर मिशनच्या शाळेत होते, प्रॉटेस्टंट, आणि हाडाचे. “देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, मग पुस्तक आणि माणूस यांच्यामध्ये कशाला? दुसऱ्याने वाचलेलं म्हणजे दुसऱ्याने चावलेला घास!” हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

अपवाद एकच. वर्ग आटोपून घरी आले की ते बायकोला, मार्थाबाईंना, शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवत. “मला मेलीला कुठं वाचता येतंय,” असं म्हणत बाई जवळ सरकून बसत. गावाला शिकवणाऱ्याची बायको निरक्षर, म्हणून लोक हसत. ते मिशनच्या साहेबांच्या कानावर गेलं. तपासणीला येतो म्हणाले, आणि खरं निघालं तर प्रौढवर्ग दुसऱ्याकडे देतो. तो वर्ग म्हणजे मास्तरांचा जीव होता.

तपासणीच्या आदल्या दुपारी मी चाळणी मागायला गेलो, तर मार्थाबाई चष्मा लावून शास्त्र वाचतायत! मला न पाहताच त्यांनी खुणेचं मोरपीस जिथलं तिथे ठेवलं. मी तसाच शाळेकडे धावलो.

“मास्तर, बाईंना वाचता येतं! उद्या साहेबांना दाखवा!”

मास्तरांनी आधी दार लोटलं. “हळू बोला हो. मला ठाऊक आहे. मी मुद्दाम एखादी ओळ गाळतो, तेव्हा तिचे ओठ ती ओळ म्हणतात.”

“मग?”

“तिला वाटतं, येतं म्हटलं की मी ‘स्वतः वाच’ म्हणेन.” ते चष्मा पुसत राहिले. “म्हटलंही असतं. आणि मग संध्याकाळी आम्ही दोघांनी काय करायचं?”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भर शाळेत विचारलं, “बाईंना वाचता येतं का?” ‘येतं’ म्हणावं तर ते बाईंच्या कानावर जाणार, आणि मास्तर कधी खोटं बोलत नसत, म्हणून मान खाली घालून गप्प राहिले. वर्ग गेला. मला फार वाईट वाटलं, आणि मास्तरांचा रागही आला.

संध्याकाळी भिंतीपलीकडे ते लवकरच वाचायला बसले. आवाज जरा बसलेला होता.

“वर्ग गेला ते बरंच झालं,” मार्थाबाई म्हणाल्या, “आता एखादं पान जास्त वाचाल.”