टाकीचा उसासा

तारमास्तरांच्या गाडीनं पेट्रोल घेणं सोडलं, ते बायको मुलीकडे गेल्याच्या बरोबर पाचव्या दिवशी. योगायोग म्हणा हवं तर. तारमास्तरही तसंच म्हणाले. पण पंपावरून परत येताना शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत ते गाडीला हळूच म्हणाले, "तुलाही अन्न गोड लागेना का गं?" आणि कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून लगेच आरशात बघितलं.

झालं होतं असं. पंपावरच्या ताईनं टाकीचं झाकण फिरवलं, तशी टाकीनं 'हुस्स' करून लांबलचक उसासा टाकला. ताईनं नळी आत घातली, दोन लिटर गेलं आणि खट्. नळी आपोआप बंद. पुन्हा दाबली, पाव लिटर, खट्. मग नुसतंच खट्, खट्, खट्. सवयीनं तारमास्तरांचे कान टवकारले. हयातभर तार ऑफिसात कट्ट-कडकट्ट ऐकलेला माणूस. पण टाकीचं काय म्हणणं आहे, ते त्यांना लागेना.

"भरली वाटतं टाकी," ताई म्हणाली.

"काटा तळाला आहे."

"मग काटा बिघडलाय."

"काटा मागच्या वर्षीच बदललाय."

"मग गाडीच बिघडलीय काका. आमच्या नळीनं सकाळपासून साठ गाड्या भरल्यात."

मागे टँकरवाला हॉर्न बडवत होता. तारमास्तर दोन लिटरांवर समाधान मानून निघाले.

आता तारमास्तरांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. तार खातं कधीच बंद झालं, पण माणूस काही खात्यातून बाहेर आला नाही. तिथे शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे जास्तीचा शब्द म्हणजे निव्वळ उधळपट्टी, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. बायको मुलीकडे पोहोचली त्या दिवशी त्यांनी फोन केला, तो असा: "पोहोचलीस? बरं. ठेवतो." दुसऱ्या दिवशी: "बाळ बरं? बरं. ठेवतो." तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून फोनच केला नाही. सांगण्यासारखं नव्हतं म्हणजे काय, घर खायला उठत होतं. सकाळी दोन कप चहा होत होता आणि दुसरा कप प्यायला कोणी नाही हे आठवून पुन्हा भांड्यात ओतला जात होता. पण हे काय फोनवर सांगायचं?

पाचव्या दिवशी मात्र विषय मिळाला. दुपारी चार वाजता त्यांनी फोन लावला आणि गाडीचं सगळं सांगितलं. उसासा सांगितला, खटखट सांगितली, टँकरवाल्यानं हॉर्न कसा बडवला तेही सांगितलं. फोन ठेवला तेव्हा वीस मिनिटं झाली होती. तारमास्तरांनी घड्याळाकडे दोनदा बघितलं.

गाडीचं दुखणं साधं नव्हतं, कारण बायकोचं परत येणं त्या गाडीवर होतं. जाताना ती जावयाच्या नव्या गाडीतून गेली होती आणि वाटेत मळमळून तीनदा गाडी थांबवावी लागली होती. "येईन ती आपल्याच गाडीतून," तिनं तेव्हाच बजावलं होतं. आणि मुलीचं घर पाच तासांवर. दोन-दोन लिटरांवर पाच तासांचा रस्ता कापायचा, तर वाटेतला एकही पंप सोडून चालणार नव्हतं.

गाडीचा नेहमीचा मिस्त्री सासऱ्याच्या आजारपणासाठी परगावी गेला होता. तीन आठवडे येत नाही, असा निरोप दारावर खडूनं लिहिलेला. नवीन गॅरेजमधल्या मुलानं हातात कॉम्प्युटर घेऊन गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाला, "काका, हिला वायर जोडायलाच जागा नाही. हिला काय होतंय ते हिनं सांगायचं तरी कुठून?" तारमास्तरांना गाडीबद्दल एकदम आपुलकी वाटली.

सातव्या दिवशी वरच्या मजल्यावरचे वकील खाली आले. वकिलांनी गाडी कधी चालवली नव्हती, पण मत नाही असा विषय त्यांना माहीत नव्हता.

"टाकीत पेट्रोल जायचं, तर आतली हवा बाहेर यायला नको का?" वकील म्हणाले. "त्यासाठी एक नळी असते. मागच्या चाकाच्या वरच्या अंगाला तिचं तोंड असतं. ते तुंबलंय. लिहून घ्या."

तारमास्तर सतरंजी अंथरून गाडीखाली शिरले. खाली नळ्या पुष्कळ होत्या, सगळ्या चिखलानं माखलेल्या, पण एकीलाही भोक दिसेना. भोक नाही म्हणजे ती नळी नव्हे, असा त्यांनी हिशेब केला. बाहेर यायची वेळ आली तेव्हा कंबर धरली आणि वकिलांनी त्यांना सतरंजीसकट ओढून काढलं.

चारच्या फोनवर हा सगळा वृत्तांत गेला. "वकील म्हणतात, टाकीला हवा सुटायची एक नळी असते. मागच्या चाकाजवळ. तिचं तोंड बंद झालं असेल."

पलीकडून आवाजच येईना.

"हॅलो? ऐकतेस ना?"

"ऐकतेय," बायको म्हणाली. "बाळ रडत होतं जरा." तारमास्तरांना काही रडणं ऐकू आलं नव्हतं. मग तीच पुढे म्हणाली, "वकिलांना काय कळतंय गाडीतलं? तुम्ही असं करा, सकाळी सकाळी गारव्यात भरून बघा. आणि काय होतं ते मला सांगा."

तारमास्तरांनी गारव्यात भरून बघितलं. दोन लिटर, खट्. सांगितलं. मग बायको म्हणाली, झाकण काढून थोडा वेळ तशीच ठेवा, कोंडलेलं सगळं जाऊ दे. ठेवली. उसासा लांब आला, पेट्रोल तेवढंच गेलं. सांगितलं. मग म्हणाली, दुसऱ्या पंपावर जा, पाण्यात फरक पडतो तसा पेट्रोलमध्येही पडत असेल. गेले. सांगितलं. रोज नवा उपाय, रोज चारला फोन. बोलता बोलता भाजीत मीठ जास्त पडलं, डावा गुडघा दुखतोय, शर्टाचं बटण तुटलं, अशी जास्तीची वाक्यंही तारमास्तरांच्या तोंडून सुटू लागली. ती सुटली की ते स्वतःच चपापत.

एकदा मध्येच त्यांनी विचारलं, "आपल्या उशांचे ते निळ्या फुलांचे अभ्रे होते ना, त्यातला एकच सापडतोय. माझा आहे. तुझा कुठेय?"

"फाटला होता. मी कामाला लावला," बायको म्हणाली आणि विषय पुन्हा गाडीवर नेला. "तुम्ही गाडी चढावर उभी करून भरून बघितलीत का?"

चढाचं प्रकरण मात्र अंगाशी आलं. पंपावर चढ एकच, बाहेर पडायच्या रस्त्याचा. तारमास्तरांनी गाडी तिथे तोंड वर करून लावली, तर नळी पुरेना. म्हणून ताईनं कॅनमध्ये पेट्रोल आणलं आणि नरसाळं लावून ओतलं. टाकीनं ते तोंडात घेतलं, क्षणभर विचार केला आणि सगळंच्या सगळं तारमास्तरांच्या शर्टावर परत दिलं. मागे बाहेर पडायच्या वाटेवर अकरा गाड्या अडकलेल्या. पंपाचा मॅनेजर धावत आला.

"काका, हात जोडतो. नऊ ते अकरा येत जाऊ नका. बाकी दिवसभर पंप तुमचा."

तेव्हापासून पंपावर त्यांचं नाव 'दोन लिटर काका' पडलं. शर्ट तीनदा धुतला तरी वास जाईना. वकील दोन दिवस जिन्यातून जाताना सिगारेट विझवून जात होते.

त्याच आठवड्यात बायकोनं फोनवर विचारलं, "मुलगी म्हणतेय, आणखी तीन महिने राहा. तिची रजा संपतेय. नाहीतर तिच्या सासूबाईंना बोलवावं लागेल. काय सांगू?"

तारमास्तर खुर्चीत बसले होते, ते उठून उभे राहिले. तीन महिने. बापरे. त्यांनी हजारो लोकांच्या तारा ठोकल्या होत्या. 'ताबडतोब निघा', 'वाट पाहतो', 'लवकर ये'. परक्यांची तळमळ बोटांनी पुढे ढकलताना कधी अडलं नव्हतं. आता स्वतःची पाठवायची, तर पहिला शब्दच सापडेना.

"तुला सोयीचं असेल तसं," ते म्हणाले.

"हं," बायको म्हणाली. "आणि गाडी?"

"गाडी काही घेत नाही."

त्या दिवशी फोन चार मिनिटांत संपला.  तारमास्तरांनी कपाटातून तो निळ्या फुलांचा एकुलता अभ्रा काढला आणि उशीला चढवला. भर दुपारी, काही कारण नसताना.

सव्विसाव्या दिवशी मिस्त्री परतला. त्यानं सगळी हकीकत ऐकून घेतली, 'हुस्स' आवाज दोनदा काढून दाखवायला लावला आणि मागचं चाक उतरवलं. बॅटरी तोंडात धरून आत बघितलं. मग पक्कड घातली आणि ओढू लागला. काहीतरी येत होतं, येतच होतं.

"मास्तर, तुमच्या गाडीनं कपडे गिळलेत," मिस्त्री म्हणाला.

पकडीत एक घट्ट पिळलेला बोळा होता. चिखलानं काळा, पेट्रोलच्या वासाचा. मिस्त्रीनं तो उलगडला, तर आतल्या घडीवर निळी फुलं.

तारमास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन वर्षांपूर्वी एका उंदरीणबाईंनी याच गाडीच्या मागच्या सीटमध्ये आपलं बाळंतपण उरकलं होतं. तेव्हापासून बायकोनं भोकांशी उभं वैर धरलेलं. घरात भोक दिसलं की बोळा. न्हाणीत बोळा, वायरीच्या छिद्रात बोळा, पंख्याच्या खिडकीत बोळा. आणि आपण दोन महिने नसणार, तोवर गाडी नुसती उभीच राहणार, असं धरून, जायच्या दिवशी सकाळी तिनं गाडीभोवतीही फेरी मारली असणार.

"टाकायचा ना हा?" मिस्त्रीनं विचारलं.

"दे इकडे," तारमास्तर म्हणाले.

पंपावर टाकीचं झाकण उघडलं, तर उसासा नाही. नळी लागली ती थांबेचना. पाच, दहा, वीस. पंपावरची सगळी माणसं हातातलं काम सोडून आकड्याकडे बघत राहिली. तेहेतीस लिटरांवर एकदाच, समाधानाचं खट् झालं. मॅनेजरनं येऊन हात मिळवला. ताई मात्र झाकण लावताना म्हणाली, "म्हणजे आता उद्या येणार नाही तुम्ही."

तारमास्तरांनी गाडी हवा भरायच्या जागेपाशी बाजूला घेतली. चार वाजायला वेळ होता, तरी फोन लावला.

"सापडलं," ते म्हणाले. "अभ्रा होता."

 बायको म्हणाली, "गाडीच्या धुराड्यातही घालणार होते. पण म्हटलं ते लागत असेल तुम्हाला."

"तुला माहीत होतं?"

"वकिलांनी नळीचं सांगितलं ना, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस? महिनाभर मी त्या पंपावर..."

"बोलले असते, तर दुसऱ्या दिवशी फोन केला असतात? 'बरं, ठेवतो' म्हणाला असतात. चौतीस वर्षं झाली आपल्याला. काय खाल्लं, काय दुखतंय, बटण कुठलं तुटलं, कधी सांगितलंत मला? बाळाला मांडीवर घेऊन चार वाजायची वाट बघायचे मी. बोळा काढायला सांगितलं असतं, तर सगळंच बंद झालं असतं."

 शेजारच्या सीटवर तो बोळा पडला होता.

"मला करमत नाही," ते म्हणाले. "घरी ये."

"गाडीला, की तुम्हाला?"

"गाडी ठणठणीत आहे. तेहेतीस लिटर प्यालीय. मला करमत नाही. चहा दोन कप होतो रोज. रोज चुकतो."

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. या वेळीही बाळ रडत नव्हतं. मग ती म्हणाली, "सासूबाई परवा येताहेत मुलीच्या. मी त्यांना कधीच कळवलंय. बॅगपण भरून ठेवलीय."

"म्हणजे मी म्हटलं नसतं तरी तू..."

"आले असते. पण जावयाच्या गाडीतून. ओकत ओकत." ती आता हसत होती. "परवा पहाटे निघा. तो पेट्रोलचा शर्ट घालू नका. आणि हो, तो बोळा टाकू नका, घेऊन या. इथे सिंकखाली एक भोक आहे. आल्यापासून बघतेय मी."

चौतीस वर्षांत तारमास्तरांनी बायकोचं एकही काम नाकारलं नव्हतं. त्यांनी बोळा सीटवरून उचलून समोरच्या कप्प्यात ठेवला आणि कप्पा बंद केला.

"तो मिळणार नाही," ते म्हणाले. "भोकाला दुसरं काहीतरी शोध."

"का? चिंधी तर आहे."

"असू दे. त्याची जोडी आहे घरी."

तिनं फोन ठेवला नाही. तारमास्तरांनीही 'बरं, ठेवतो' म्हटलं नाही. मागून कोणीतरी हवा भरायला आलं होतं आणि हॉर्न वाजवत होतं, तर त्याला हातानं थांब म्हणून खुणावत, आणखी काय काय सांगायचं राहिलंय, ते आठवू लागले.