बारमाही हळदीकुंकू

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुमनकाकूंकडे दर मंगळवारी संक्रांत असते. जुलैतसुद्धा. फक्त हळदीकुंकू घरी नसतं. इथल्या, ॲन आर्बरच्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत असतं, आणि बोलावणं आजोबांनाही असतं.

"काकू, पुरुषांना हळदीकुंकू?" मी एकदा विचारलं.

"इथे चालतं." शास्त्र मोडायचं असलं की काकू अमेरिकेकडे बोट दाखवतात.

काकूंना ड्रायव्हिंग येत नाही आणि मला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी त्यांची ड्रायव्हर. मी कोपऱ्यात उभी राहून वाण म्हणून संत्री वाटायची. काकू या व्हीलचेअरवरून त्या व्हीलचेअरवर भिरभिरायच्या. अत्तर पालथ्या हाताला लावायचं असतं, एवढं मलाही माहीत आहे. काकू थेट दंडापर्यंत लावायच्या. बाही वर, हात उलटा, हात सुलटा, "व्हेरी गुड स्मेल, यस?" नव्वदीचे वॉल्टर आजोबा तर रांग मोडून दोन्ही हात पुढे करायचे. मॅनेजरने खूश होऊन बोर्डावर 'इंडियन परफ्यूम पार्टी' असं लिहून टाकलं.

एका मंगळवारी एलेनॉर आजींची बाही वर गेली आणि काकूंनी अत्तराची कुपी खाली ठेवली. दंडावर पुढे चार निळे डाग, मागे एक.

आजी पुटपुटल्या, पडले. मॅनेजर म्हणाला, या वयात कातडी नाजूक होते. काकूंनी हसतहसत त्याचाच दंड धरला. चार बोटं पुढे, अंगठा मागे.

"पडल्यावर अंगठा उमटत नाही, सांग त्याला," त्या मला म्हणाल्या. "तुझं इंग्लिश फाडफाड आहे ना?"

असेल, पण ते मी सहसा कोणाला ऐकवत नाही. त्या दिवशी मॅनेजरला ऐकवलं, आणि मग राज्याच्या हेल्पलाइनलाही. तपासणीला माणसं आली. आजींना अंघोळ घालताना दंडाला धरून ओढणारा मदतनीस नोकरीवरून गेला. पुढच्या मंगळवारी आजींनी चक्क दोन संत्री मागून घेतली.

परतताना मी म्हटलं, "काकू, अत्तर हे नुसतं निमित्त होतं ना? पण हेच नर्सिंग होम का?"



"मुलाने तिथे माझं नाव घातलंय. खोली रिकामी झाली की जायचं." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "राहायला जायच्या आधी घर झाडून घ्यावं लागतं गं."