पंधराव्या मिनिटाचा सूर

गाडी एक वाजून दहा मिनिटांनी सुटते आणि आठवड्यातून एकदाच जाते, हे मास्तरीणबाईंनी मास्तरांना सकाळपासून सहा वेळा सांगितलं होतं. सातव्यांदा त्यांनी ते चर्चच्या पायरीवर सांगितलं.

"माझा दादा सामान घेऊन पुढे गेलाय. निरोपाचे दोन शब्द झाले की बारा वाजता निघायचं. लेकीचे दिवस भरलेत. बस मला सोसत नाही. रडत बसू नका."

"मी कुठे रडतोय?"

"अजून नाही. पण मी काय तुम्हाला आजच ओळखते?"

मास्तर या चर्चचे संगीत दिग्दर्शक. बावीस वर्षं त्यांनी ऑर्गन वाजवला, गायनवृंद सांभाळला, बेसूर गळ्यांना मागच्या रांगेत आणि फारच बेसूर गळ्यांना खुर्च्या लावायच्या कामात सामावून घेतलं. आता ते कायमचे लेकीकडे राहायला चालले होते. त्यांच्या जागी शाळेत पियानो शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. बाईंसाठी मास्तरांनी चाळीस पानी वही लिहिली होती. ऑर्गनची कोणती पट्टी अडकते, कोणत्या काकूंना एकटं गाऊ द्यायचं नाही आणि ते त्यांना कळू कसं द्यायचं नाही, सगळं तिच्यात होतं. पहिल्याच पानावर दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य होतं : 'उपदेश चालू असताना पट्ट्यांना हात लावू नये.'

हा नियम स्वतः मास्तर दर रविवारी मोडत. पाळकसाहेब माणूस देवभोळा, पण एकदा बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. म्हणून पंधरा मिनिटं झाली की मास्तर डाव्या हाताने खर्जातला एक सूर अगदी हळू धरत आणि पाळकसाहेब दोन वाक्यांत आवरतं घेत. मंडळींना वाटे, काय वातावरण तयार होतं! देवाच्या घरात आपण लबाडी करतो, ही टोचणी मास्तरांना होतीच. त्यामुळे एवढं एक वहीत लिहायला त्यांचा हात धजला नाही.

निरोपाच्या रविवारी मास्तरांना पहिल्या बाकावर बसवलं आणि मांडीवर भलामोठा पुष्पगुच्छ ठेवला. ऑर्गनपाशी नव्या बाई बसल्या. बरोबर अकराला पाळकसाहेबांनी मास्तरांवर बोलायला सुरुवात केली.

सव्वाअकराला मास्तरांचा गळा झाला, साडेअकराला त्यांची शिस्त. पावणेबाराला सगळे गुण संपले, तेव्हा मास्तरांनी एकदा दिलेल्या छत्रीची गोष्ट निघाली. बोलता बोलता पाळकसाहेब सारखे ऑर्गनकडे बघत होते. नव्या बाई पहिलं पान लक्षात ठेवून हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"उठा," मास्तरीणबाई कुजबुजल्या.

"माझंच कौतुक चाललंय, मी कसा उठू?"

इतक्यात फोन थरथरला. दादा विचारत होते, "गाडी लागली. तुम्ही आहात कुठे?"

"सामान चढव. आलोच आम्ही," मास्तरीणबाईंनी पदराआडून सांगितलं.

साडेबाराला मास्तर धीर करून उठले. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे हात केला. "बघा, त्यांना बसवत नाहीये!" ते म्हणाले. टाळ्या पडल्या, शेजारच्या दोघांनी मास्तरांना प्रेमाने परत खाली बसवलं आणि गोष्ट त्या छत्रीच्या दुरुस्तीपर्यंत गेली.

एक वाजायला पाच मिनिटं असताना मास्तरांनी लाज सोडली. पुष्पगुच्छासकट ते तडक ऑर्गनपाशी गेले, बाईंना सरकायला सांगितलं आणि खर्जातला सूर दाबला.

"आणि त्या छत्रीचा दांडा... आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

निरोप देणाऱ्यांचे हात सोडवत दारात पोचेपर्यंत एक वाजून दहा मिनिटं झाली, तोच पुन्हा फोन आला. "सामान चढवलं," दादा सांगत होते, "आणि गाडीच सुटली. मी आत आहे."

"मग उतर ना!"

"चालत्या गाडीतून? तेही घरातल्या सपाता घालून?"

मास्तरांचं सामान आणि मास्तरांचा मेहुणा असे दोघं ठरल्या वेळी रवाना झाले होते. मागे राहिले मास्तर. ते पाळकसाहेबांकडे गेले.

"साहेब, आज कबूल करतो. तो सूर मी मुद्दाम वाजवायचो."

"माहीत आहे की," पाळकसाहेब घाम पुसत म्हणाले. "बावीस वर्षं मी उपदेशाचा शेवट कधी लिहिलाच नाही. तुमचा सूर आला की थांबायचं. आज तो येईचना. मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"म्हणजे दोघांनाही माहीत होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या, "आणि गाडी चुकली माझी!"

त्या संध्याकाळी मास्तरांनी वहीला एकेचाळिसावं पान जोडलं : 'पंधरावं मिनिट. डावा हात. हळू.' बुधवारी नात झाली. घरच्यांपैकी तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते सपातावाल्या मामाआजोबांनी. मास्तरीणबाई त्यानंतर पाळकसाहेबांशी बोलल्या नाहीत.

पुढच्या रविवारी मास्तर शेवटच्या बाकावर बसले. कपडे सगळे सामानात गेलेले, म्हणून अंगात पाळकसाहेबांचा कोट होता आणि बाह्या बोटांवर येत होत्या. खरं सांगायचं तर, बाई विसरतील अशी त्यांना मनातून आशा होती. आपल्यावाचून निदान एक रविवार तरी अडावा, असं त्यांना फार वाटत होतं.

अकराव्या मिनिटाला सूर आला. पाळकसाहेब एका वाक्यात थांबले. मंडळींचे चेहरे खुलले, पाळकसाहेबांचासुद्धा.

बाहेर नव्या बाई धावत आल्या. "चुकलं का हो, मास्तर? वहीत पंधरा होतं. पण त्यांचं सांगून अकराव्या मिनिटालाच झालं होतं."

मास्तर कोटाच्या बाह्या वर सारू लागले. मास्तरीणबाई बोटांवर हिशेब करू लागल्या. "म्हणजे बावीस वर्षं, दर रविवारी, चार मिनिटं..."

"चला," मास्तर घाईने म्हणाले, "गाडी चुकेल."

"अजून दीड तास आहे."

"असू दे. लवकर गेलेलं बरं."