एक दोरा कमी

जगदाळेकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोनं, सुमननं, त्यांना बसायला पाट दिला. ते बसलेच नाहीत. तिच्या हातातलं लाटणं त्यांनी मागून घेतलं, फरशीवर आडवं ठेवलं, बोटानं हळूच ढकललं आणि गुडघे टेकून, गाल फरशीला लावून ते घरंगळत जाताना बघत राहिले. लाटणं भिंतीला लागून थांबलं. काका उठले, गुडघे झटकले.

"हलतंय," ते म्हणाले. "सूनबाई, तुमच्या चपात्या एका बाजूला जाड होत असणार."

सुमनचं तोंड एवढंसं झालं. चपात्या खरंच एका बाजूला जाड व्हायच्या, आणि ती आजवर तव्याला बोल लावत आली होती. त्याहून वाईट म्हणजे ते लाटणं मी केलं होतं.

आमच्या गावाकडे कातारी म्हणतात, बडोद्यात खरादी. लाकूड यंत्रावर फिरवायचं आणि पटाशी लावून त्याला गोल आकार द्यायचा, हे आमचं काम. मी सावंतवाडीकडचा. चौथीची परीक्षा न देताच शाळा सोडली आणि मामाच्या शेजारी लाकडी आंबे-केळी कातायला बसलो. मामा गेल्यावर पोटामागे फिरत बडोद्याला आलो. रावपुऱ्यात रमणभाईंनी दुकानात ठेवून घेतलं, हे त्यांचे उपकार. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी. नमुना समोर ठेवायचा आणि तसंच दुसरं काढायचं. आकडे वाचावे लागत नव्हते, म्हणून मी टिकलो होतो. तरी रोज सकाळी दुकानाचं शटर वर जाताना वाटायचं, की आज यांच्या लक्षात येणार.

अशा माणसाच्या वाट्याला जगदाळेकाका यावेत, याला काय म्हणायचं?

त्यांचे पणजोबा गायकवाड सरकारच्या पागेत होते. घोडा गेला, तलवार गेली, ताठ कणा तेवढा काकांपर्यंत पोचला होता. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात ते तीस वर्षं इन्स्पेक्टर होते. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू नापास करणं ही त्यांची नोकरी. पास झालेल्या वस्तूवर ते खिशातल्या लाल पेन्सिलनं बरोबरची खूण करत, आणि ती पेन्सिल त्यांना तीस वर्षं पुरली अशी वर्कशॉपात दंतकथा होती. निवृत्त झाले आणि कारेलीबागेत तळमजल्यावर एकटेच राहू लागले. नापास करायला काही उरलं नाही.

आणि त्यांना पूल खेळायची क्यू करून हवी होती.

त्या वर्षांत बडोद्यात सगळंच एकदम नवं आलं होतं. घरोघरी केबल, आणि तळघरांतून काचेचे दरवाजे लावलेली पूल पार्लरं: हिरव्या कापडाचं टेबल, रंगीत गोळे, आणि ते गोळे भोकांत ढकलायच्या लांब काठ्या. काका त्याआधी रेल्वेच्या क्लबात बिलियर्ड खेळायचे, सगळ्यांनी वापरलेल्या, भाड्याच्या सायकलीसारख्या काठ्यांनी. मग क्लबातलं टेबल उचललं गेलं आणि तिथं कॉम्प्युटर क्लास निघाला. त्यांचे तेव्हाचे प्रतिस्पर्धी देसाईसाहेब आता कारेलीबागेतल्या पार्लरात जायचे. त्यांनी काकांना एकदा सगळ्यांसमोर ऐकवलं, "जगदाळे, तू जन्मभर काठीला दोष दिलास. आता स्वतःची घेऊन ये, मग बघू."

एवढंच. स्वतःच्या क्यूनं देसाईसाहेबांशी एक डाव. काकांना आयुष्याकडून आणखी काही नको होतं.

आधी ते खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेले. तिथं त्यांनी सात विलायती क्यू काचेच्या काउंटरवर घरंगळवल्या, सहा नापास केल्या, आणि सातवी त्यांना परवडत नव्हती. "बजेट माफक आहे," ते रमणभाईंना म्हणाले, "पण नजर माफक नाही. काय करू?"

रमणभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"काका, काठी मी करीन, पण..."

"काठी नव्हे, क्यू. काठीनं कुत्रं हाकलतात."

पैसा कुठं घालायचा आणि कुठं नाही, हे काकांचं पाठ होतं. पैसा शेंड्याच्या लाकडात, दोन तुकडे जोडणाऱ्या पितळी स्क्रूत आणि टोकावरच्या चामड्याच्या टिकलीत. नक्षी नको, शिंपल्याचे तुकडे नकोत, मखमलीची पेटी नको. "बांगड्या बायकोला घालतात," ते म्हणायचे. त्यांना बायको नव्हती.

लाकडावर दोन महिने गेले. साग पोकळ वाटला, शिसवी जड. शेवटी मी घाबरत म्हटलं, आमच्याकडे धामणीचं लाकूड असतं, त्याची कोयत्याला मूठ करतात, वाकतं पण मोडत नाही. काका पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "मग गप्प का होतास?" सासऱ्यांनी एसटीच्या टपावर टाकून धामणीचे पाच दांडे पाठवले. त्यांना गावच्या मांगरातल्या गवता-लाकडांचा वास होता. पहिल्या दिवशी मी यंत्रच सुरू केलं नाही, नुसता हुंगत बसलो.

पहिली क्यू झाली. मुठीच्या जागी पकडीसाठी काळा दोरा घट्ट गुंडाळला होता. काकांनी मूठ धरून बघितली आणि म्हणाले, "इथं एक दोरा कमी कर."

मी मान डोलावली. दोऱ्याचा एक वेढा उलगडला, कापला, टोक सरसानं चिकटवलं आणि क्यू परत दिली.

काकांनी जाडी मोजायचा कॅलिपर लावला. पुन्हा लावला. "कमी काय केलंस?"

"एक दोरा." पुरावा म्हणून मी कापलेला तुकडा पुढं केला.

दुकानातली दोन्ही यंत्रं थांबली. बडोद्यात खरादी-सुतारांच्या बोलीत दोरा म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्याकडे त्याला सूत म्हणतात, आणि नमुन्यावर काम करणाऱ्या मला सुताचंही भान नव्हतं. सगळं दुकान हसलं. काका सगळ्यात शेवटी हसले, पण इतके, की त्यांना माझ्या पलंगाच्या पायाला धरून उभं राहावं लागलं. मग त्यांनी तो बोटभर दोरा चष्म्याच्या घरात ठेवला. मला वाटलं, झालं, आता नोकरी गेली.

नोकरी गेली नाही. पुढच्या मंगळवारी काका खडू घेऊन आले आणि दुकानाच्या फरशीवर त्यांनी मोठा इंच काढला. आठ दोरे. मग अर्धा दोरा, पाव दोरा. मी शाळेत ज्या धड्याच्या आधी पळालो होतो तो धडा त्यांनी चार मंगळवारांत भुसा झाडत शिकवला. कुणी असं माझ्यासाठी जमिनीवर बसलं नव्हतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "वाकतोच आहेस तर क्यू धर. कोपर बघू दे."

ही त्यांची आणखी एक तऱ्हा. दुकानात ते स्वतः क्यू कधी खेळायच्या पवित्र्यात धरत नसत. "तू वाक, मी बघतो." चहा घ्यायचे तोही तऱ्हेवाईक: स्टीलचा ग्लास, अर्धाच भरलेला, दोन्ही हातांनी धरून. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा.

आणि मग सुरू झाला माझा वनवास. काका तयार क्यू घरी न्यायचे, पुढच्या मंगळवारी परत आणायचे आणि नापास झाली की जाताना उचलून न्यायचे.

"सरळ आहे," ते म्हणायचे. "पण हलतंय."

"कुठं, काका?"

"शेंड्याला. वजन वाढव."

मी बुंध्यात भोक पाडून शिसं ओतलं. हलतंय. दुसऱ्या दांड्याची नवी केली, आणखी शिसं. हलतंय. तिसरी उचलताना तर मुसळ उचलल्यासारखं वाटायचं. मी ती काचेवर ठेवून, उजेडाकडे तोंड करून, खालची फट बघत शंभरदा घरंगळवली. फट केसभरही कमीजास्त होत नव्हती. तरी हलतंय. मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटेना. पलंगाचे पाय हलताना दिसू लागले.

"काका, आ लाकडी छे के कन्या?" रमणभाई वैतागले. "केटला वांधा काढशो?" म्हणजे किती खोडी काढाल. काकांनी तरुणपणी मुलीही अशाच नाकारल्या होत्या म्हणे. त्यांनाही फरशीवर घरंगळवून बघितलं असेल, असं रमणभाई माझ्या कानात म्हणाले. मला हसू आलं नाही.

घरी सुमन म्हणायची, "त्येंका दुसरा काय काम नाय?" पण मंगळवारी त्यांच्यासाठी डब्यात दोन घावने जास्त घालायची.

चौथी परत आली त्या दिवशी रमणभाईंनी मला बाजूला घेतलं. "पाचमी पण पाछी आवी, तो तुं गाम भेगो थई जा." म्हणजे पाचवीही परत आली, तर गाव गाठ. गावात माझ्यासाठी काय होतं? मामाचं बंद यंत्र. आणि धामणीचा दांडाही आता एकच उरला होता.

ती पाचवी मी कशी केली हे सांगता येणार नाही. पाव दोऱ्यानं श्वास घेतला आणि पाव दोऱ्यानं सोडला. दुपारी ती जुन्या चादरीत गुंडाळून, सायकलच्या दांडीला बांधून मी स्वतःच कारेलीबागेत गेलो.

काकांच्या घरात एक खुर्ची, एक पलंग आणि काचेचं एक टेबल. भिंतीशी माझ्या चार नापास क्यू ओळीनं उभ्या होत्या. मला वाटलं होतं, फेकून दिल्या असतील.

त्यांनी पाचवी काचेवर ठेवली आणि ढकलली. बुंध्याकडून जाड, शेंड्याकडे निमुळती, ती वळण घेत कसलाही आवाज न करता टेबलाच्या कडेपर्यंत गेली. मी काकांच्या तोंडाकडे बघत होतो. माझी बायको, खोली, यंत्र, सगळं त्या तोंडातून येणाऱ्या एका शब्दावर होतं.

"सरळ आहे," ते म्हणाले.

मी पुढच्या शब्दाची वाट बघितली. तो आला नाही. म्हणून मीच विचारलं, "हलतंय का?"

काकांनी क्यू उचलली. आणि पहिल्यांदाच, माझ्यासमोर, ते टेबलावर वाकले. डावा हात काचेवर टेकवला, अंगठ्याच्या खाचेत शेंडा ठेवला, उजव्या हातानं मूठ धरली. काय सुरेख वाकले होते! पाठ, कोपर, हनुवटी, सगळं एका ओळीत. आणि त्या ओळीच्या टोकाला चामड्याची टिकली काचेवर टकटक, टकटक वाजत होती.

"आता बघ," ते न उठता म्हणाले. "हलतंय की नाही?"

मला अर्धा ग्लास आठवला. दोन्ही हात आठवले.

"लाकूड कधीच हलत नव्हतं रे. वजन वाढवलं की थांबेल, असं वाटायचं." ते खुर्चीत बसले. चष्म्याच्या घरातून त्यांनी माझा तो काळा दोरा काढला आणि बोटांत धरला. तोही थरथरत होता. "पहिल्या क्यूच्या वेळी एवढंच हलायचं. तुझ्या दोऱ्याच्या जाडीएवढं. आता माझ्या दोऱ्याएवढं हलतं."

"डॉक्टर..." मी म्हटलं.

"त्यांनीही नापास केलंय." त्यांनी दोरा परत चष्म्याच्या घरात ठेवला. "देसाईला सांगू नकोस. तो म्हणेल, मी म्हटलंच होतं, दोष काठीचा नव्हता."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा क्यूला काठी म्हटलं.

मग खिशातून लाल पेन्सिल काढली. बुंध्यावर बरोबरची खूण केली. ती वेडीवाकडी झाली, पहिल्या वर्गातल्या मुलानं काढावी तशी. ते अंगठ्यानं पुसायला लागले, तेव्हा मी क्यू त्यांच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, राहू दे काका, शेवटचं पॉलिश मारून आणतो.

मी त्या खुणेवरूनच पॉलिश मारलं. रमणभाईंनी बघितलं. "आ शुं? नीचे डाघ रही गयो."

"डाघ नथी, रमणभाई. सही छे," मी म्हटलं. एरवी मी आधी माफी मागतो.

क्यू काकांना पोचली. माझी नोकरी टिकली. आणि मंगळवार आला तेव्हा लक्षात आलं, की काकांना आता दुकानात यायला कारणच उरलेलं नाही. सुमननं डब्यात घावने घातले होते. दुपारपर्यंत ते तसेच राहिले. पुढच्या मंगळवारीही तसेच राहिले.

तिसऱ्या मंगळवारी मी एक डझन लाटणी पिशवीत भरली आणि कारेलीबागेत गेलो. "रमणभाईंनी पाठवलीत," मी खोटं बोललो. "तक्रारी येतात गिऱ्हाइकांच्या. तपासून द्याल का?"

काकांनी पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग एक लाटणं काढून काचेवर ठेवलं, ढकललं, आणि गाल काचेला लावला. मीही दुसऱ्या बाजूनं वाकलो. लाटणं काचेवरून पाण्यासारखं गेलं. फट कुठंच नव्हती. कॅलिपर लावून, पाव दोऱ्याचाही फरक राहू न देता मी ते केलं होतं, आणि ते मला कुणी शिकवलं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"हलतंय," काका म्हणाले.

"होय काका," मी म्हटलं. "नवीन करून आणतो. पुढच्या मंगळवारी."