वरचे बारा मार्क

“बघच तू, तुझा एक मार्क कसा मिळवून आणतो ते!” असं लेकीला छातीठोकपणे सांगून टेलरमास्तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागात शिरले. लेक मागून चरफडत आली.

त्याचं असं झालं होतं. लेकीला रसायनशास्त्रात ब्याण्णव टक्के, ग्रेड ‘ए’. शेजारच्या चष्मेवाल्याच्या चिरंजीवांना एक्क्याऐंशी, तरी ग्रेड ‘ए’च! गणितात मात्र लेकीला एकोणसत्तर. ‘बी’ सुरू होते सत्तरला, म्हणून पदरात पडली ‘सी’. आणि एक जरी ‘सी’ असली तरी पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाही! पोर धड जेवत नव्हती. मास्तरांचा जीव तुटत होता, पण डोक्यात भलताच भुंगा शिरला होता.

“बाई,” त्यांनी खिडकीतल्या बाईंना विचारलं, “‘ए’ कितीला मिळते हो?”

“ऐंशीला.”

“मग हिचे वरचे बारा मार्क गेले कुठे?”

बाई चमकल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे कोणी विचारलंच नव्हतं! “जाणार कुठे? ‘ए’मध्येच असतात.”

“पण तिथे करतात काय? नुसतेच बसून ना? आमच्याकडे कापड उरलं तर त्याचा खिसा निघतो! त्यातला एक गणिताला जोडा की.”

“बाबा!” लेक कुजबुजली. “असं नसतं हो. आपण फक्त गणिताचा पेपर पुन्हा तपासायला देऊ.”

“छे! दोन्ही द्यायचे! शिल्लक किती आहे, ते यांनाही दिसू दे!”

पंधरवड्याने दोघं पुन्हा खिडकीशी उभी राहिली.

“गणितातलं एक उत्तर तपासायचं राहिलं होतं,” बाई म्हणाल्या. “आता एकाहत्तर. ‘बी’!”

लेकीने टुणकन उडी मारली.

“आणि रसायनशास्त्रात एका पानाचे मार्क दोनदा धरले गेले होते. आता एकोणऐंशी. तीही ‘बी’.”

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे चष्मेवाल्याचा पोरगा पुढे!

“बाबा, मला प्रवेश मिळणार!” लेक हसता हसता रडायला लागली. मास्तरांनाही भरून आलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि पुन्हा खिडकीत डोकं घातलं.

“बाई, ‘बी’ सत्तरला ना? मग गणितातला एक उरतोय की!”