नादीनची कोरडी टर्की

यंदा थँक्सगिव्हिंगची टर्की आपण अंगणात, धुरावर मांस शिजवायच्या भट्टीत, म्हणजे स्मोकरवर शिजवणार, हे व्हर्लन स्ट्राउडने बायकोला सांगितलं तेव्हा तो तिच्याकडे न बघता फ्रिजच्या दाराकडे बघत होता.

"तुला दरवर्षी किती दगदग होते," तो म्हणाला. "या वेळी तू नुसती बस. टर्की माझ्याकडे."

नादीन टॉवेलांच्या घड्या घालत होती. "बरं," म्हणाली, आणि पुढचा टॉवेल उचलला.

व्हर्लन चरकलाच. भांडणाची तयारी करून आलेल्या माणसाला नुसतं 'बरं' ऐकू आलं की त्याला उभं राहायलासुद्धा आधार उरत नाही. गॅरेजमध्ये जाऊन त्याने बहिणीला, ट्वायलाला, फोन लावला.

"हो म्हणाली गं!"

"देव पावला!" ट्वायला म्हणाली. "या वर्षी तरी घास घशाखाली उतरेल."

खरी गोष्ट अशी होती की नादीनची टर्की कोरडी व्हायची. म्हणजे थोडीथोडकी नाही. एका घासाला एक ग्लास पाणी लागायचं. पण लग्नानंतरच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगपासून कुणाची बोलायची हिंमत झाली नव्हती. सगळे ग्रेव्ही ओतून ओतून खायचे, वर "वा नादीन!" म्हणायचे, आणि घरी जाताना गाडीत कुरकुरायचे. हा स्मोकरचा बेत म्हणजे बहीणभावांनी मिळून शोधलेली पळवाट होती.

मग व्हर्लनच्या अंगात स्मोकर संचारला. आपल्या टायरच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हिकोरीच्या लाकडाचा धूर आणि सफरचंदाच्या लाकडाचा धूर यांतला फरक समजावून सांगू लागला. स्वतः त्याने अजून सॉसेजसुद्धा भाजलं नव्हतं. शेजारच्या हॉइटने सांगून पाहिलं, "अरे, आधी एखादी कोंबडी करून बघ." व्हर्लन नुसता हसला. कोंबडी!

थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी सकाळी पहिली अडचण कळली. टर्की स्मोकरपेक्षा मोठी होती. ती आत बसली, पण झाकण लागेना. पक्ष्याची छाती वर येऊन झाकणाला ढकलत होती. व्हर्लनने झाकणावर वीट ठेवली. मग दुसरी ठेवली. तरी फट राहिलीच, आणि त्या फटीतून मिसुरीचा नोव्हेंबरचा वारा आत शिरून निखारे थंड करू लागला.

म्हणून त्याने वाऱ्यापासून आडोसा मिळावा यासाठी ते सगळं धूड ओढत ओढत घराच्या भिंतीला लावलं. वारा थांबला. धूर मात्र थेट बैठकीच्या खोलीच्या खिडकीच्या फटींतून आत गेला. धुराचा अलार्म बोंबलायला लागला. ट्वायला डोळे चोळत स्टुलावर चढली आणि अलार्मला झाडूने बडवू लागली. व्हर्लनच्या आईला, ओपलबाईंना, गोधडीत गुंडाळून खुर्चीसकट बाहेर ओसरीवर आणावं लागलं. धूर जावा म्हणून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. धूर गेला, पण घराचं शीतगृह झालं.

"काय जळतंय रे?" ओपलबाईंनी विचारलं.

"काही जळत नाहीये, आई. टर्की शिजतेय."

"मग वास लाकडाच्या वखारीला आग लागल्यासारखा का येतोय?"

व्हर्लनने झाकण उचलून थर्मामीटर खुपसला. काटा सकाळी होता तिथेच. त्याने झाकण ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा उचललं. जरा वर चढलेली ऊब दरवेळी भस्सकन उडून जायची, आणि व्हर्लन ती का उडाली हे बघायला पुन्हा झाकण उचलायचा.

"सारखं काय उघडतोयस?" ट्वायला कोट घालून बाहेर आली. "पाळण्यातलं पोर आहे का ते?"

"तू गप बस. तुझीच कल्पना होती ही."

"माझी कल्पना शिजवायची होती! गारठून मेलो सगळे. भुकेने पोटात कावळे ओरडतायत." तिचा आवाज चढला. "यापेक्षा नादीनची कोरडी टर्की परवडली! निदान शिजलेली तरी असायची!"

खिडक्या सगळ्या उघड्या आहेत, हे दोघांना एकाच क्षणी आठवलं.

दार उघडलं. नादीन पायरीवर उभी होती. हातात बटाटे सोलायची सुरी.

"कोरडी?" ती म्हणाली.

व्हर्लनच्या तोंडाला कोरड पडली. ट्वायला स्मोकरकडे अशी निरखून बघू लागली, जणू तो तिला पहिल्यांदाच दिसत होता. इतक्या वर्षांचा संसार आज या पक्ष्यापायी मोडतोय असं व्हर्लनला खरोखरच वाटलं.

"तसं नाही गं, म्हणजे थोडीशी..."

"थोडीशी? भुसा असतो नुसता!" नादीन म्हणाली. "मला काय चव कळत नाही? मीही तीच खाते ना!"

"मग... मग का करतेस तशी?"

"तुझ्या बाबांमुळे! पहिल्या वर्षी चुकून जास्त वेळ ओव्हनमध्ये राहिली. मी रडकुंडीला आले होते. तर त्यांनी दोनदा मागून घेतली. म्हणाले, पोरी, दरवर्षी अश्शीच कर. त्यांचा शब्द मोडायचा कसा?"

ओसरीवरच्या गोधडीत हालचाल झाली.

"तो?" ओपलबाई म्हणाल्या. "अगं, तो टेबलाखाली कुत्र्याला घालायचा सगळी! तुझं मन दुखवायचं नाही म्हणून."

मग नादीनच्या तोंडून एक विचित्र आवाज फुटला. ती हसत होती. सुरी धरलेला हात कमरेवर ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे इतकी वर्षं मी कुत्र्याच्या आवडीचा स्वयंपाक करतेय!"

हसू ओसरल्यावर तिने स्मोकरकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "झाकण बसत नाही, तर टर्की कापायची, व्हर्लन. वर घर कसलं बांधतोस?"

तिने मोठा सुरा आणला, टर्कीचे सांध्यांवर तुकडे केले, नीट मांडले, निखाऱ्यांत नवं लाकूड घातलं आणि झाकण लावलं. ते मुकाट बसलं. मग ती व्हर्लनच्या घडीच्या खुर्चीत बसली आणि त्याचा जाडा कोट तिने पांघरला.

"स्मोकर भिंतीपासून हलवायचाय मला," व्हर्लन म्हणाला. "तू आत जा, थंडी आहे."

"हलवा तू आणि ट्वायला मिळून. मी इथेच बसणार. आत बटाटे कुस्करायचेत, बीन्स निवडायचेत, आईंना औषध द्यायचंय. जा."

स्मोकर ओढून भिंतीपासून लांब नेला आणि व्हर्लन आत गेला. खिडक्या बंद झाल्या, घर हळूहळू ऊबदार झालं. तो बटाटे कुस्करत राहिला, आणि ओपलबाई शेजारी बसून गुठळ्या दाखवत राहिल्या. "ती बघ. ती राहिली. लोणी घाल. इतकं नको."

"अरे, विचार तरी तिला, झाली का!" ट्वायला रिकामी ताटं मांडत ओरडली.

व्हर्लनने ओट्यावरच्या खिडकीची काच पुसून बाहेर पाहिलं. नादीन घराकडे पाठ करून बसली होती. पाय लाकडाच्या ढिगावर, एका हातात बिअर, दुसऱ्या हातात टर्कीची अख्खी तंगडी. छान तांबूस, रसाने ओघळणारी. अर्धी संपली होती. घाई कसलीच दिसत नव्हती.

"काय म्हणते?" ट्वायलाने विचारलं.

व्हर्लनने क्षणभर विचार केला आणि पुढचा बटाटा भांड्यात टाकला.

"कच्ची आहे म्हणते," तो म्हणाला. "वेळ लागेल अजून."